१/२ आणि १/३ मिळून २/५ का होत नाहीत?

आजच्या भागात आकडे बरेच आहेत, त्यामुळे ऐकताना काही निसटलं तर हे लिखित रूप समोर ठेवा. विषय शाळेतला आहे: छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज. लसावि काढा, छेद सारखे करा, मग अंशांची बेरीज करा, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण असं का करायचं, हे विचारलं की बहुतेक जण गप्प होतात.

किराणा दुकानात जाऊ. अर्धा किलो साखर आणि पाव किलो साखर मिळून किती? पाऊण किलो. हे सांगायला कुणी वही-पेन काढत नाही. पण तुम्ही मनात नेमकं काय केलंत? अर्ध्या किलोचे दोन पाव केले. दोन पाव आणि एक पाव, तीन पाव झाले, म्हणजेच पाऊण. १/२ + १/४ = ३/४. वेगवेगळ्या छेदांची बेरीज झाली की!

माझ्या मते सगळा घोळ 'छेद' या शब्दाकडे नुसता खालचा आकडा म्हणून बघितल्यामुळे होतो. छेद हे तुकड्याच्या मापाचं नाव आहे, आणि अंश म्हणजे तसे तुकडे किती. दोन मीटर आणि तीन फूट यांची बेरीज 'पाच' अशी कुणी करत नाही, कारण पाच काय, हेच सांगता येत नाही. १/२ आणि १/३ चं तसंच आहे. आधी दोघांना एकाच मापात आणायला हवं.

एक चॉकलेट डोळ्यासमोर आणा. आडव्या ओळी दोन, प्रत्येक ओळीत तीन चौकोन, एकूण सहा. एक आडवी ओळ म्हणजे अर्धं चॉकलेट, म्हणजे ३ चौकोन. एक उभी ओळ म्हणजे तिसरा हिस्सा, म्हणजे २ चौकोन. ३ आणि २ मिळून ५ चौकोन, म्हणून उत्तर ५/६.

आता वर वर, खाली खाली बेरीज करून येणारे २/५ बघा. ते अर्ध्यापेक्षाही कमी आहेत! अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि ते अर्ध्याहून कमी झालं, हे कसं शक्य आहे? तरी ही चूक इतकी खरी वाटते, कारण एके ठिकाणी ती बरोबर असते. तुमच्या टीमने आधी २ पैकी १ मॅच जिंकली, नंतर ३ पैकी १. एकूण ५ पैकी २ जिंकल्या. इथे वर वर, खाली खाली चालतं, कारण मॅचेस वेगळ्या आहेत, 'पूर्ण' वेगळं आहे. अपूर्णांकांच्या बेरजेत मात्र दोन्ही तुकडे सारख्याच मापाच्या 'पूर्णा'चे असतात.

लसाविबद्दल एवढंच सांगतो की तो सोयीसाठी आहे, सक्तीचा नाही. छेदांचा सरळ गुणाकार केला तरी उत्तर बरोबरच येतं, फक्त आकडे मोठे होतात आणि शेवटी संक्षिप्त रूप द्यावं लागतं.

हे फक्त परीक्षेपुरतं नाही. समजा गावाकडे १२ एकर जमीन आहे आणि तीन भावंडांना प्रत्येकी १/३ हिस्सा आला. त्यातल्या एकाला चार मुलं, म्हणून त्यांना प्रत्येकी १/१२. त्यातल्या एका मुलीने काकांचा पूर्ण हिस्सा विकत घेतला. तिचं आता किती? १/३ म्हणजे ४/१२, त्यात १/१२, एकूण ५/१२, म्हणजे ५ एकर. वर वर, खाली खाली केलं तर येतात २/१५, म्हणजे १ एकर २४ गुंठे. स्वतःची आणि विकत घेतलेली धरून, नुसत्या विकत घेतलेल्या ४ एकरांपेक्षाही कमी!

जुन्या सातबाऱ्यावर असे हिस्से आणे-पैमध्ये लिहिलेले दिसतात. पूर्ण म्हणजे १६ आणे, आणि १ आणा म्हणजे १२ पै. म्हणजे पूर्णाचे १९२ तुकडे. हा आकडा मला फार आवडतो, कारण त्याला २, ३, ४, ६, ८, १२, १६ या सगळ्यांनी भाग जातो. १/३ म्हणजे ५ आणे ४ पै, १/१२ म्हणजे १ आणा ४ पै, बेरीज ६ आणे ८ पै. लसावि काढायची गरजच नाही, समान छेद व्यवहारातच बसवलेला आहे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० पैसे झाले. दशमान हिशोब सोपा झाला, पण १०० चे तीन सारखे भाग होत नाहीत. अर्थात पाच भावंडं असली तर १९२ चेही पाच भाग पडत नाहीत, तिथे १०० बरा.

आमच्या सॉफ्टवेअरमध्येही हीच भानगड आहे. पायथनमध्ये ०.१ + ०.२ करून बघा, उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. कॉम्प्युटर असे आकडे साठवताना छेद २, ४, ८, १६ असेच घेतो. या छेदांपैकी एकालाही १० ने भाग जात नाही, म्हणून १/१० त्याला नेमका लिहिता येत नाही, जवळचा आकडा ठेवावा लागतो. म्हणून पैशांचा हिशोब करताना रुपयांचे अपूर्णांक न ठेवता सगळं पैशांत, पूर्णांकात ठेवण्याची पद्धत आहे. म्हणजे काय केलं? छेद १०० पक्का करून टाकला.

जाता जाता एक गणित. एकाकडे जमिनीचा ३/८ हिस्सा आहे, त्याने आणखी १/६ घेतला. आधी नेहमीच्या पद्धतीने करा, मग आणे-पैमध्ये. ८ आणे ८ पै आलं की जमलं.