श्रद्धा सांगायची भीड

जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, 93वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. संमेलननगरीला तेरच्या संत गोरोबाकाकांचे नाव दिले होते आणि अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ख्रिस्ती धर्मगुरू या पदावर बसण्याची ही पहिलीच वेळ. निवड जाहीर होताच आक्षेप सुरू झाले, धमकीचे फोन आले. धर्मप्रसारकाला साहित्याचे व्यासपीठ कशाला, असा एकूण सूर होता. पाठीच्या दुखण्याने बेजार असूनही दिब्रिटो आले आणि बसून बोलले. ‘सुबोध बायबल’ मराठीत आणणाऱ्या या माणसाने आपली श्रद्धा कधी लपवली नव्हती. सामान्य ख्रिस्ती माणसाला मात्र एवढे बळ एकवटता येत नाही.

2011च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती सुमारे 10 लाख 80 हजार होते, एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. नाताळचा फराळ शेजारी जातो, पण तुम्ही येशूला का मानता, असे कुणी विचारले की दोन वाक्यांत विषय बदलतो. या भिडेत दोन धागे गुंतलेले आहेत. समोरच्याचे मन दुखावू नये ही काळजी पहिला धागा, आणि ती चांगलीच आहे. दुसरा धागा भीतीचा. लोक ‘बाटगा’ म्हणतील, किती पैसे मिळाले असे विचारतील, आपला धर्मच परका ठरवतील. माझे म्हणणे असे की पहिला धागा जपावा आणि दुसरा तोडावा. ते जमते, हे मराठी ख्रिस्ती परंपरेनेच दाखवून दिले आहे.

परकेपणाचेच बघा. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात इथल्या बाजारपेठेचा उल्लेख आहे. रोमन जगाशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा गावच्या लामतुरे संग्रहालयात आजही पाहायला मिळतात. बाहेरून आलेले इथे रुजते, पण इथल्या मातीत उतरले तरच. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने हे ओळखले आणि 1616 मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापले. त्यात सुमारे 11 हजार मराठी ओव्या आहेत. पण त्याच गोव्यात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली आणि 1560 पासून इन्क्विझिशन चालवले. धर्म सांगणाऱ्याकडे लोक आजही संशयाने पाहतात, त्याला असा आधार आहे. तो नाकारून ख्रिस्ती माणसाचे बोलणे कुणाला पटणार नाही.

नारायण वामन टिळकांचे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत. अभंग आणि कीर्तन ही त्यांच्या सांगण्याची साधने होती. पण त्यांची खरी परीक्षा घरातच झाली. पत्नी लक्ष्मीबाईंना हा निर्णय मान्य नव्हता. त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या, आणि नवऱ्याकडे परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे आणि स्वयंपाक वेगळा ठेवला. टिळकांनी तो ठेवू दिला. पुढे ‘जात देवाने केली की माणसाने?’ या प्रश्नाचा लक्ष्मीबाईंनी स्वतःशीच निकाल लावला आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रातला हा भाग ज्याला श्रद्धा सांगायची आहे त्याने तरी वाचावाच. 1917 मध्ये टिळक मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. तिथे बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांना सारखाच प्रवेश होता.

यावर पहिला आक्षेप असा की सांगणे ही धर्मांतराची पहिली पायरी नाही का? राज्यघटनेच्या 25व्या कलमाने धर्माचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क मात्र त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये स्पष्ट केले. म्हणजे सांगणे माझ्या हातात आणि ठरवणे तुमच्या. सच्च्या ख्रिस्ती माणसाला याहून अधिक काही मागायचेही कारण नाही.

दुसरा आक्षेप ख्रिस्ती लोकच घेतात. मिरजेचा मिशन दवाखाना, पंडिता रमाबाईंचे केडगावचे मुक्ती मिशन, एवढी सेवा पुरेशी नाही का? उलट मी म्हणेन, सेवेच्या जागी गप्पच राहावे. खाटेवरच्या रुग्णाला ‘मला हे ऐकायचे नाही’ असे मोकळेपणाने म्हणता येत नाही, आणि नकार देता येत नाही तिथे सांगणे ही जबरदस्तीच होते. पण बरोबरीच्या मित्राने सरळ प्रश्न विचारला, तर त्याला सरळ उत्तर मिळायला हवे. ते चुकवले की त्यालाही वाटते, यात काहीतरी लपवण्यासारखे आहे. पेत्राने आपल्या पत्रात हेच सांगितले आहे: तुमच्या आशेचे कारण कुणी विचारले तर उत्तराला तयार राहा, पण सौम्यपणे आणि आदराने.

तेरची ती कथा मराठी घरात सर्वांना ठाऊक आहे. संतमंडळी जमलेली असताना गोरोबाकाकांनी मडके घडवायचे थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले. नामदेव चिडले आणि कच्चे ठरले. मग ते विसोबा खेचरांकडे शिकायला गेले. देवाशी जवळीक सांगणाऱ्याला या भूमीत परीक्षा द्यावी लागते, नामदेवांसारख्यालाही ती चुकली नाही. मग ख्रिस्ती माणसालाच ती का चुकावी? थापटणे ऐकणाऱ्याच्या हाती आहे, हे एकदा मान्य केले की भीतीचे ओझे पुष्कळ हलके होते. कारण मग जिंकायचे नसते, आपल्या आयुष्यात काय घडले ते सांगून टोले सोसायचे असतात.

तेव्हा ख्रिस्ती वाचकांना एवढीच विनंती. विचारणाऱ्याला टाळू नका. थोडक्यात, घरच्या मराठीत आणि स्वतःच्या जगण्यातून सांगा. त्याला पटले नाही, तर शेजार पूर्वीसारखाच चालू ठेवा.