बुरशीचे खाद्य : कवक व किण्व वाढविण्याची माध्यमे

हरभऱ्याच्या शेतात भर वाढीत एकेक झाड माना टाकू लागले, की शेतकरी 'मर लागली' असे म्हणतो. असे झाड उपटून त्याचा बुंधा उभा चिरला, तर आतील काष्ठभाग तपकिरी किंवा काळसर पडलेला दिसतो. हे काम बहुधा फ्युजेरियम नावाच्या कवकाचे असते. परंतु झाड वाळण्यास दुसरीही कारणे असू शकतात. वाळवी असू शकते, मूळकुजीचे दुसरे एखादे कवक असू शकते, किंवा नुसता पाण्याचा ताणही असू शकतो. खरे कारण कोणते, हे निश्चित करावयाचे तर झाडातील कवक बाहेर काढून, त्यास खाऊपिऊ घालून, डोळ्यांना दिसेल एवढे वाढवावे लागते. या खाऊपिऊ घालण्याच्या पदार्थासच संवर्धनाचे माध्यम म्हणतात.

माध्यमाचा दुसरा उपयोग मित्र-कवके वाढविण्यासाठी होतो. ट्रायकोडर्मा हे जमिनीत सर्वत्र आढळणारे हिरवे कवक दुसऱ्या कवकांना वेटोळे घालून त्यांच्यावर जगते, हे वाइन्डलिंग या शास्त्रज्ञाने १९३२ साली दाखवून दिले. आज तूर, हरभरा, कपाशी या पिकांच्या बियाण्यास जे ट्रायकोडर्मा चोळले जाते, त्याची सुरुवात प्रयोगशाळेतील माध्यमाच्या एका लहानशा बशीत झालेली असते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व होतकरू शेतकऱ्यांनी हे काम प्रत्यक्ष केले नाही, तरी ते कसे होते एवढे समजून घेणे अगत्याचे आहे. ज्या पुड्या आपण वापरतो किंवा वापरावयास सांगतो, त्यांची पारख त्यावाचून होत नाही.

कवकास हरितद्रव्य नसते, म्हणून वनस्पतीप्रमाणे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणे त्यास शक्य नाही. त्यास तयार अन्न लागते. शक्तीसाठी साखर किंवा पिष्ट, अंग भरण्यासाठी नत्र, थोडी खनिजे व जीवनसत्त्वे, आणि भरपूर ओल एवढी त्याची गरज. शिवाय कवकांना किंचित आंबट माध्यम मानवते, तर पुष्कळशा जीवाणूंना ते मानवत नाही. हा फरक ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

बटाट्यात वरील बहुतेक सर्व द्रव्ये असतात. रॉबर्ट कॉख या जर्मन संशोधकाने आरंभी उकडलेल्या बटाट्याच्या कापांवरच सूक्ष्म जंतू वाढविले होते. पण काप अपारदर्शक. त्यावर काय उगवले हे नीट दिसत नसे. मग रस्सा घट्ट करण्यासाठी सरस वापरून पाहिला. सरस उन्हाळ्याच्या उष्णतेने पातळ होई आणि काही जंतू तर तोच खाऊन टाकीत. ही अडचण सोडविली ती स्वयंपाकघरातील ज्ञानाने. कॉख यांच्या प्रयोगशाळेतील हेस नावाच्या सहकाऱ्याची पत्नी फॅनी हेस ही घरी फळांची जेली करताना अगर वापरीत असे. तिने सुचविल्यावरून १८८१च्या सुमारास अगर प्रयोगशाळेत आले, ते आजतागायत तेथेच आहे. पुढे १८८७ साली पेट्री यांनी झाकणाची उथळ काचेची बशी प्रचारात आणली.

अगर हे तांबड्या समुद्री शेवाळापासून काढतात. आपल्याकडे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, मंडपमच्या आसपास, हे शेवाळ गोळा केले जाते. किराणा दुकानात 'चायना ग्रास' म्हणून मिळतो तो हाच पदार्थ. त्याचा मोठा गुण असा की तो वितळतो सुमारे ८५ अंश सेल्सिअसला, पण एकदा वितळल्यावर ४० अंशांच्या जवळपास येईपर्यंत घट्ट होत नाही. त्यामुळे तो ओतावयास सवड मिळते, आणि एकदा थिजला की वैशाखातल्या उन्हाळ्यातही पातळ होत नाही.

बटाटा-ग्लुकोज-अगर

कवकांसाठी सर्वांत जास्त वापरले जाणारे माध्यम हेच. एक लिटर माध्यमासाठी २०० ग्रॅम बटाटे, २० ग्रॅम ग्लुकोज आणि १५ ते २० ग्रॅम अगर लागते. बटाटे निरोगी घ्यावेत; हिरवट पडलेले किंवा मोड आलेले नकोत. ते सोलून, धुऊन, बारीक फोडी करून अर्धा लिटर पाण्यात मऊ होईपर्यंत, म्हणजे सुमारे अर्धा तास उकळावेत. मग तो रस्सा दुहेरी मलमलीतून गाळून घ्यावा. फोडी पिळू नयेत. पिळल्यास माध्यम गढूळ होते आणि पुढे त्यातील गढूळपणा कोणता व वाढ कोणती हे ओळखता येत नाही. दुसऱ्या अर्ध्या लिटर पाण्यात अगर मंद आचेवर, सतत ढवळीत विरघळवावे. न ढवळल्यास ते तळाशी लागते. दोन्ही एकत्र करून त्यात ग्लुकोज घालावे व कमी पडलेले पाणी घालून बरोबर एक लिटर करावे.

भांडे पोलादाचे, काचेचे किंवा मुलाम्याचे असावे. तांब्यापितळेच्या भांड्यात हे माध्यम मुळीच शिजवू नये. द्राक्षावर आपण बोर्डो मिश्रण मारतो ते त्यातील ताम्र कवकास मारते म्हणूनच. तेव्हा कवकाचे जेवण ताम्राच्या पातेल्यात रांधणे म्हणजे पाहुण्यास बोलावून विष वाढण्यासारखे आहे.

ग्लुकोजऐवजी घरची साखर चालेल काय, असे पुष्कळजण विचारतात. अनेक कवकांना चालते; परंतु काही कवकांना साखरेचा रेणू फोडता येत नाही व त्यांची वाढ खुरटते. म्हणून निदानासाठी माध्यम करावयाचे असल्यास ग्लुकोजच घ्यावे. औषधांच्या दुकानातील ग्लुकोज घेताना ते साधे असल्याची खात्री करावी. स्वाद व क्षार मिसळलेले घेऊ नये.

निर्जंतुकीकरण

सर्व कामातील कळीचा भाग हाच आहे. माध्यम हे कवकास जितके आवडते तितकेच हवेतील, हातावरील व बटाट्याबरोबर आलेल्या मातीतील प्रत्येक जंतूस आवडते. नुसत्या उकळण्याने भागत नाही, कारण कित्येक जीवाणूंचे बीजाणू १०० अंशांच्या उकळीतूनही जिवंत राहतात. त्यासाठी वाफ दाबाखाली ठेवून तिचे तापमान १२१ अंशांपर्यंत चढवावे लागते. दर चौरस इंचास १५ पौंड दाब व १५ ते २० मिनिटे वेळ, हे प्रमाण जगभर रूढ आहे. घरचा वाफेचा कुकर साधारण याच दाबावर चालतो, त्यामुळे थोड्या कामास तो पुरतो.

चंबू किंवा बाटली निम्म्याहून थोडी अधिक भरावी, तोंड न शोषणाऱ्या कापसाच्या बोळ्याने बंद करावे आणि बोळ्यावर कागद बांधावा. कापसातून हवा जाते, पण धूळ व तिच्यावर बसलेले जंतू अडकून राहतात. कुकरच्या तळाशी पाणी व जाळी ठेवून वर बाटल्या ठेवाव्यात. झाकण लावल्यावर लगेच शिटी बसवू नये. वाफेचा जोरदार, अखंड झोत निघू लागेपर्यंत थांबावे. आत हवा कोंडून राहिली तर दाब पुरा दिसतो, पण तापमान पुरे चढत नाही. माध्यमे बिघडल्याच्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा या एवढ्याशा घाईत सापडते. महाबळेश्वरासारख्या उंच जागी बाहेरील हवेचा दाब कमी असल्याने त्याच शिटीवर तापमान किंचित कमी राहते. तेथे पाच मिनिटे अधिक द्यावीत.

आच बंद केल्यावर कुकर आपोआप थंड होऊ द्यावा. शिटी उचलून वाफ सोडल्यास बाटल्यांतील माध्यम उसळून बोळे भिजतात, आणि भिजलेला बोळा जंतूंना आडवीत नाही. माणसास भाजण्याचा धोका आहे तो निराळाच.

बशी भरणे व कवक पेरणे

माध्यम हातास सोसवेल इतके निवले म्हणजे निर्जंतुक बशीत १५ ते २० मिलीलिटर ओतावे. एका लिटरमध्ये सुमारे पन्नास बशा भरतात. दारे-खिडक्या लावून, पंखा बंद करून, स्पिरिटच्या दिव्याजवळ हे काम करावे. मेज सत्तर टक्के मद्यार्काने पुसावे. शुद्ध मद्यार्क अधिक प्रभावी असेल असे वाटते, पण तसे नाही. जंतूंतील प्रथिने गोठविण्यास थोडे पाणी लागते. मेज पुसून पुरते वाळल्यावरच दिवा पेटवावा व स्पिरिटची बाटली दूर नेऊन ठेवावी.

मर लागलेल्या झाडाचे निदान करावयाचे असल्यास बुंध्याच्या निरोगी व रोगट भागाच्या सीमेवरील बारीक तुकडे कापावेत. पूर्ण सडलेल्या भागात मूळ गुन्हेगार सापडत नाही, मागून आलेले उपटसुंभ सापडतात. हे तुकडे एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात एक मिनिट बुडवून, निर्जंतुक पाण्यात तीनदा धुऊन, टिपून बशीत ठेवावेत. जीवाणूंचा उपद्रव टाळण्यासाठी माध्यमात थोडे लॅक्टिक आम्ल मिसळतात. कवकांना आंबट मानवते असे वर म्हटले ते याचसाठी. आम्ल मात्र निर्जंतुकीकरणानंतर, ओतण्यापूर्वी घालावे. आधी घालून शिजविल्यास अगर विरघळून जाते व बशी थिजतच नाही.

बशा उलट्या ठेवाव्यात, म्हणजे झाकणावर जमलेले दव वाढीवर टपकत नाही. तापमान २५ ते ३० अंश हवे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते राखण्यास बशांचा डबा माठाजवळच्या गारव्यात ठेवावा. प्रत्येक बशीवर तारीख व गाव लिहावे.

हिरव्या-हिरव्यातील भेद

ट्रायकोडर्माची वाढ आरंभी पांढरी, पिंजलेल्या कापसासारखी असते. ती तीन-चार दिवसांत सबंध बशी व्यापते आणि मग हिरवे ठिपके किंवा कडी उमटतात. पेनिसिलियम निळसर हिरवे, मखमली, पांढऱ्या काठाचे आणि सावकाश वाढणारे. काळी भुकटी दिसली तर ॲस्परजिलस नायजर. करडे केस व त्यावर टाचणीच्या डोक्यासारखे काळे ठिपके दिसले तर रायझोपस, म्हणजे शिळ्या भाकरीवरील बुरशी. ओलसर, चकचकीत, बुळबुळीत ठिपके जीवाणूंचे.

यांत सर्वांत सांभाळावयाचे ते पिवळट हिरवे, पीठ सांडल्यासारखे दिसणारे ॲस्परजिलस फ्लेव्हस. हे अफ्लाटॉक्सिन नावाचे जहर तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरसटलेल्या भुईमूग पेंडीने एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले, तेव्हा या विषाचा शोध लागला. आपल्या शेजारीही ते घडले आहे. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत पावसाने भिजून बुरसटलेला मका खाल्ल्याने कावीळ होऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. शिजविल्याने, भाजल्याने हे विष पुरतेपणी नष्ट होत नाही.

ही गोष्ट येथे सांगण्याचे कारण असे की ज्वारीच्या दाण्यांवर घरीच ट्रायकोडर्मा वाढविण्याची पद्धत सांगितली जाते. पद्धत चुकीची नाही. रात्रभर भिजविलेली ज्वारी अर्धवट शिजवून, निथळून, उष्णता सोसणाऱ्या पिशव्यांत भरून, कुकरमध्ये एक तास ठेवून, गार झाल्यावर शुद्ध कवक पेरले, तर दहा-पंधरा दिवसांत दाणे हिरवे होतात. दाण्यांच्या ढिगात उष्णता सावकाश शिरते, म्हणून येथे वीस मिनिटे पुरत नाहीत. पण ज्यास वरील भेद ओळखता येत नाही त्याने हे करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. जी पिशवी पिवळट पडली ती ट्रायकोडर्मा समजून बियाण्यास चोळावयाची नाही. आणि 'दाणाच तर आहे' म्हणून गुरांना किंवा कोंबड्यांना तर मुळीच घालावयाची नाही. संशयित बुरशी नाकाजवळ नेऊन हुंगू नये. काम करताना नाकातोंडास फडके बांधावे.

सामान्य शेतकऱ्यास सोयीचा मार्ग निराळा आहे. कृषी विद्यापीठ किंवा नोंदणीकृत उत्पादकाकडून पूड घ्यावी. पुडीत दर ग्रॅमला निदान २० लक्ष जिवंत कण असावेत असे मानक आहे. ते व वापराची अंतिम तारीख पुडीवर पाहून घ्यावी. बियाण्यास किलोमागे ४ ते ५ ग्रॅम चोळावी, त्यानंतर रायझोबियम लावून सावलीत सुकवावे. कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक सोबत वापरू नये. ते मित्र व शत्रू असा भेद करीत नाही. जमिनीत देण्यासाठी हेक्टरी अडीच किलो पूड ५० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळावी, पाणी शिंपडून सावलीत गोणपाटाखाली काही दिवस मुरवावी व ओल असताना पसरावी. येथे शेणखत हेच माध्यम होय. मोठ्या प्रमाणावर काम करणाऱ्या प्रयोगशाळा एक लिटर पाण्यास ३० ग्रॅम मळी व ५ ग्रॅम किण्व असे पातळ माध्यम वापरतात. कोणीही ट्रायकोडर्मा तयार करून विकावयाचे म्हटले, तर १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते.

किण्वांविषयी थोडक्यात. पावातील व ताडीतील किण्वे हीही कवकेच, पण त्यांना धागे नसतात. बशीवर ती दह्याच्या ठिपक्यासारखी मऊ, पांढरट दिसतात. बटाट्याचे माध्यम त्यांनाही चालते. साखरपाण्यात त्यांना हवा कमी पडली तर ती साखरेचा मद्यार्क व वायू करतात. भरपूर हवा मिळाली तर स्वतःची संख्या वाढवितात. म्हणून किण्वच हवे असल्यास द्रव माध्यम सतत हलवीत ठेवावे, आणि बाटलीस घट्ट बूच मारू नये, ती फुटते.

शुद्ध कवक जपून ठेवण्यास परीक्षानळीत पाच-सहा मिलीलिटर माध्यम घालून, ते गरम असतानाच नळी तिरपी ठेवून थिजवावे. त्यावर वाढलेले कवक शीतकपाटात ४ अंशांवर काही महिने टिकते; मग नव्या नळीत पालटावे. अन्नाच्या कपाटात ते ठेवू नये. वापरून झालेल्या किंवा बिघडलेल्या बशा उकिरड्यावर तशाच फेकू नयेत. काचेच्या बशा व नळ्या पुन्हा अर्धा तास कुकरमध्ये ठेवून मगच रिकाम्या कराव्यात व धुवाव्यात, आणि या कामास लावलेला कुकर पुन्हा स्वयंपाकास घेऊ नये.