अटक पंचनाम्यावरची वेळ बघा

मी तालुका कोर्टात विधी सेवेतर्फे आरोपींची बाजू मांडते. रिमांडचे कागद हातात आले की आधी अटक पंचनाम्यावरची वेळ बघते. २४ तासांचा हिशेब अटकेपासून सुरू होतो. प्रवासाचा वेळ वगळून तेवढ्यात आरोपीला मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावंच लागतं. पंचनाम्यावर घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही हवी. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात हे बजावलं. आता ते कायद्यातच आहे. अटकेचं कारण सांगणं, नातेवाइकाला कळवणं, वकिलाला भेटू देणं हे पोलिसांचे उपकार नव्हेत. ऐपत नसेल तर वकील सरकारी खर्चाने मिळतो. कोऱ्या कागदावर सही करू नका. अटकेची वेळ चुकीची लिहिली असेल, मारहाण झाली असेल, तर मॅजिस्ट्रेटना तिथेच, स्पष्ट सांगा.