एका गतिनियंत्रकावर दोन मोटरी : नमुना-नौकेतील विद्युत्-जोडणी

इ. स. १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्ला यांनी हौदातील एक छोटी विद्युत्-नौका केवळ रेडिओ-लहरींच्या योगे चालवून दाखविली. आज तेच तत्त्व शाळकरी मुलांच्या खेळण्यात उतरले आहे. मुले नमुना-नौकेस दोन पंखे बसवितात आणि त्यांच्या मोटरी एकाच गतिनियंत्रकास जोडतात, तेव्हा काम वरवर सोपे दिसते. परंतु जोडणी सदोष राहिल्यास नौका तळ्याच्या मध्यभागी बंद पडते व ती आणावयास एखादे मूल पाण्यात उतरते. हा प्रसंग टाळावयाचा, तर जोडणीमागील कारणे शिक्षकास ठाऊक असली पाहिजेत.

जोडणीचे दोन प्रकार आहेत. एकसर जोडणीत दोन्ही मोटरींतून एकच धारा वाहते व विद्युत् दाब दोघींत विभागला जातो. सहा व्होल्टच्या बॅटरीवर प्रत्येकीस सुमारे तीन व्होल्ट मिळतात. मात्र एक मोटर अडकली की दाबाचा मोठा वाटा दुसरीकडे जातो व ती अधिक वेगाने फिरू लागते. समांतर जोडणीत प्रत्येक मोटरीस पूर्ण सहा व्होल्ट मिळतात, दोन्ही परस्परांपासून बऱ्याच अंशी स्वतंत्र राहतात, आणि त्यांच्या धारांची बेरीज गतिनियंत्रकास वाहावी लागते. दोन पंख्यांच्या नौकेस सामान्यतः समांतर जोडणीच सोयीची होय.

येथेच नेहमीची चूक घडते. फिरणारी मोटर स्वतःच विरोधी दाब निर्माण करते, म्हणून तिची धारा मर्यादित राहते. पंख्यात शेवाळ गुंतून मोटर थांबली की हा विरोध नाहीसा होतो व धारा कित्येक पटींनी वाढते. समजा, चालताना प्रत्येक मोटर २ अँपिअर आणि अडकल्यावर ८ अँपिअर धारा घेते. चालताना बेरीज ४ होते. परंतु दोन्ही अडकल्यास ती १६ होईल. केवळ ४ अँपिअरचा हिशेब धरून ५ अँपिअरचा नियंत्रक घेतला, तर पहिल्याच शेवाळात तो जळेल. येथे २० अँपिअरचा नियंत्रक योग्य ठरेल. अडकलेल्या मोटरीची धारा शिक्षकाने स्वतः मोजावी. पंखा काढून आस पकडीने क्षणभरच धरावा.

नियंत्रकातून निघणाऱ्या दोन तारांना प्रत्येकी दोन फाटे फोडावेत व प्रत्येक मोटरीच्या फाट्यावर स्वतंत्र वितळतार बसवावी. वरील उदाहरणात ती ४ अँपिअरची असावी. एक पंखा अडकला तर त्याचीच वितळतार वितळते, नियंत्रक वाचतो आणि दुसऱ्या पंख्याच्या बळावर, सुकाणू वळवून, नौका काठास आणता येते.

दिशेचाही विचार करावा. दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरल्यास नौकेची पिछाडी एका बाजूस सरकू लागते. म्हणून एक पंखा डाव्या व दुसरा उजव्या पिळाचा घेऊन, एका मोटरीच्या दोन तारांची अदलाबदल करावी. पंखा न बदलता केवळ तारा बदलल्यास एक पंखा पुढे व दुसरा मागे ढकलतो आणि नौका जागीच गिरक्या घेते. ही अदलाबदल मोटरीच्याच टोकाशी करावी. बॅटरीच्या तारा उलट जोडल्यास नियंत्रक निकामी होऊ शकतो.

हे सर्व ब्रश असलेल्या मोटरींविषयी झाले. ब्रशविरहित मोटरीचा साधा नियंत्रक एकाच मोटरीच्या विरोधी दाबावरून तिची स्थिती ओळखतो. दोन मोटरींचे संकेत एकत्र मिसळल्यास त्याचा गोंधळ उडतो. अशा प्रत्येक मोटरीस स्वतंत्र नियंत्रक द्यावा.

नौका तळ्यात सोडण्यापूर्वी घंगाळात किंवा टाकीत दहा मिनिटे चालवून पाहावी. तारा व नियंत्रक हातास तापलेले लागल्यास हिशेब पुन्हा तपासावा. तळ्याकाठी लांब दोरीस बांधलेला चेंडू जवळ ठेवावा. बंद पडलेली नौका तिच्यापलीकडे चेंडू फेकून ओढून घ्यावी. मुलांनी पाण्यात उतरू नये, हा नियम नौका बांधावयास घेण्यापूर्वीच त्यांस सांगावा.