बुडबुड्याने अडवलेला मचवा

मी मराठीचा प्राध्यापक. यंत्राशी माझा संबंध सायकलच्या पंपापलीकडे कधी गेला नाही. पण गेल्या मे महिन्यात दाभोळच्या खाडीत एका डिझेल इंजिनाने माझी जी शिकवणी घेतली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

घरची पाच माणसे मचव्याने फिरायला निघालो होतो. ओहोटी लागलेली. मध्यावर इंजिनाने दोन आचके दिले आणि ते गप्प झाले. मचवा समुद्राच्या दिशेने सरकू लागला. सौभाग्यवतींनी धाकटीला घट्ट धरले. म्हाताऱ्या तांडेलांनी आधी नांगर टाकला; मग पाना शोधला.

“डिझेल संपलं असेल,” मी शहाणपण पाजळले.

“टाकी भरलेली आहे, मास्तर. नळीत हवा शिरली.”

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत तेलाचा फवारा सोडला, की तो आपोआप पेट घेतो. तो उडवायला वातावरणाच्या शंभरपटींहून अधिक दाब लागतो. तेल जवळजवळ चेपत नाही, हवा चेपते. थोडी हवा शिरली, की पंपाचा सारा जोर तिलाच चेपण्यात जातो.

तांडेलांनी गाळणीवरचा स्क्रू सैल केला आणि हातपंप हलवला. आधी फेस आला, मग निव्वळ तेल. स्क्रू आवळला, इंजिन सुरू! आम्ही टाळ्या वाजवल्या. दहा मिनिटांत ते पुन्हा बंद पडले. नांगर पुन्हा पाण्यात.

हवा काढली, पण तिची वाट उघडीच होती. मी सगळे सांधे बोटाने चाचपले. सारे कोरडे!

“गळती कुठेच नाही,” मी म्हणालो.

तांडेल हसले. टाकी खाली, पंप वर. तिथे तेल ओढून घेतले जाते. त्या वाटेवर फट पडली, तर तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. कोरडा सांधा म्हणजे निर्दोष सांधा नव्हे.

मग त्यांनी टाकी बाजूला ठेवली. डब्यातले डिझेल पारदर्शक नळीने सरळ पंपाला दिले आणि हवा काढली. इंजिन एका लयीत चालले. म्हणजे पंप निर्दोष. आता तीच नळी टाकीकडची गाळणी आणि पंप यांच्यामध्ये जोडली. नळीतून बारीक बुडबुडे धावू लागले! गाळणी वगळून टाकी सरळ पंपाला जोडली, तेव्हा एकही बुडबुडा नाही. चोर सापडला. गाळणीचे झाकण उघडले, तर आतली रबरी कडी दुमडून चिमटली होती.

“ही कुणी बसवली?” मी विचारले.

“मीच, परवा. घाईत,” तांडेल शांतपणे म्हणाले आणि नव्या कडीला तेलाचे बोट लावून ती नीट बसवली.

दिवेलागणीला आम्ही धक्क्यावर उतरलो. वाटेत सौभाग्यवती म्हणाल्या, “तुमच्या वर्गातली मुलं नापास झाली, की तुम्ही कधी म्हणता का हो, ‘मीच, परवा, घाईत’?”

मी धाकटीला कडेवर घेतले आणि झपाझप चालू लागलो.