पाण्यानें पेटणारा धातु

पाण्यानें अग्नि शमतो, हें लहान मूलही जाणतें. परंतु सोडियम व पोटॅशियम हे धातु पाण्याचा स्पर्श होतांच भडकतात. म्हणून ते रॉकेलांत बुडवून ठेवावे लागतात. हंफ्रे डेव्ही या इंग्रज रसायनज्ञानें १८०७ सालीं विद्युत्प्रवाहाच्या साहाय्यानें ते प्रथम वेगळे केले.

मी वस्तुतः संस्कृताचा शिक्षक. एकदां शास्त्रशिक्षक रजेवर असतां हा प्रयोग दाखविण्याचें काम मजकडे आलें. मुगाएवढा तुकडा टाकावयाचा, तो मीं सुपारीएवढा टाकला. क्षणभर तो पाण्यावर गरगर फिरला, आणि मोठा आवाज होऊन काचेचें भांडें फुटलें. पुढल्या बाकावरील एका मुलाच्या भुंवईवर काच लागली. डोळा वांचला तो दैवानें.

पुढें पट्टी बांधलेल्या त्याच मुलानें विचारलें, "सर, स्फोट कशानें झाला?" पुस्तकी उत्तर तयार होतें : धातु पाण्यांतील हायड्रोजन मोकळा करतो; उष्णतेनें तो पेटतो व पाण्याची वाफ होते. मुलगा म्हणाला, "पण तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब वाफेवरच नाचतो, तव्याला शिवत नाहीं. तसा वाफेचा पडदा मध्यें आल्यावर क्रिया थांबायला नको काय?" मीं त्यास दटावून खालीं बसविलें.

शंका रास्त होती. २०१५ सालीं प्राग येथील पावेल युंगविर्थ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या दोन धातूंच्या द्रवरूप मिश्रणाचा थेंब पाण्यांत सोडून अतिवेगवान कॅमेऱ्यानें चित्रें घेतलीं. सेकंदाच्या सहस्रांशाहूनही अल्प काळांत थेंबाला चोहोंकडे कांटे फुटलेले दिसले. या धातूंच्या अणूच्या बाह्य कक्षेंत एकच इलेक्ट्रॉन असतो, तोही सैल बांधलेला. स्पर्श होतांच पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉन पाण्यांत पळतात. मागें उरतात ते सारे धनभारित. आणि सजातीय भार परस्परांस दूर लोटतात. (वांटणी झालेल्या घरांतील वाचकांस हें निराळें सांगणें नको.) त्या रेट्यानें थेंब विदीर्ण होतो, वाफेचा पडदा फाटतो, आणि क्षणोक्षणीं नवें पाणी धातूला भिडतें. हायड्रोजनचा भडका त्यानंतरचा. याच कुळांतला लिथियम १८० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाहीं. पाण्यावर घनच राहून तो केवळ फसफसतो.

मागल्या दिवाळींत तो विद्यार्थी भेटावयास आला. भुंवईवरचा व्रण तसाच होता. "तव्याचें तुझें म्हणणें खरें होतें," असें मीं त्यास सांगितलें. तो हंसून म्हणाला, "सर, तवा मला आठवत नाहीं. तुमचा आवाज मात्र आठवतो."