कामगाराचा गौरव : वस्तू की मान?

रांजणगाव म्हटले की पूर्वी एकच गोष्ट आठवे, ती म्हणजे अष्टविनायकांपैकी महागणपती. आज त्याच नावाने औद्योगिक वसाहतही ओळखली जाते. फ्रीजपासून मोटारींपर्यंत अनेक वस्तू येथे तयार होतात आणि शिरूर-दौंड भागातील कितीतरी घरांतील माणसे येथे पाळीवर जातात. कारखाना म्हटला की वर्षातून एखादा गौरव समारंभ आलाच. कोणाला घड्याळ मिळते, कोणाला चांदीचे नाणे, तर कोणाला नुसतेच प्रशस्तिपत्र. काही वस्तू घरात मानाने जपल्या जातात, काही माळ्यावर जातात. असे का होते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. पगार, बोनस आणि बक्षीस या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. १९६५ च्या कायद्याने बोनस हा कामगाराचा हक्क ठरला. हक्काचे जे आहे ते देऊन कोणी कोणाचा गौरव करीत नसतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दोनशे अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखती घेऊन १९५९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पगार वा कामाची परिस्थिती वाईट असेल तर माणूस असमाधानी होतो. परंतु खरे समाधान त्याला काम साधल्याने आणि त्या कामाची कदर झाल्याने मिळते, असे त्यांना आढळले. याचा अर्थ, अपुऱ्या पगाराची भरपाई शाल-श्रीफळाने होत नाही. आणि पगार चांगला असला तरी कदरीची भूक उरतेच.

ही कदर कशी करावी, हे आपल्या खेड्यांना नवे नाही. यात्रेतील कुस्त्यांचा हगामा आठवून पाहा. विजयी मल्लाला मिळणारी रक्कम कधी कधी अगदी किरकोळ असते. पण कुस्ती सर्वांच्या डोळ्यांदेखत झालेली असते, डाव जाणणारे जुने वस्ताद समोर बसलेले असतात, नाव तिथल्या तिथे पुकारले जाते आणि डोक्याला फेटा बांधला जातो. कशासाठी, कोणाच्या पारखीने, केव्हा आणि कोणासमोर, या चारही प्रश्नांची उत्तरे तेथे मिळतात. बक्षिसाला अर्थ येतो तो यामुळेच.

शासकीय पुरस्कारांतही हे तत्त्व दिसते. केंद्र सरकारने सुरू केलेल्या पंतप्रधान श्रम पुरस्कारांत श्रमरत्न, श्रमभूषण, श्रमवीर, श्रमश्री अशा श्रेणी आहेत. त्यासाठी उत्पादनातील कामगिरी, नवे करून दाखविण्याची क्षमता, प्रसंगावधान आणि असामान्य धैर्य हे गुण पाहिले जातात. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या गुणवंत कामगार पुरस्कारासाठी कारखान्याबाहेरील सामाजिक व सांस्कृतिक कार्यही विचारात घेतले जाते. कामगार हा केवळ यंत्राचा सोबती नसून समाजातील माणूस आहे, ही जाणीव त्यामागे आहे.

मंडळाच्या कामगार भूषण पुरस्काराला नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आहे. शेजारच्या खेड तालुक्यातील कन्हेरसर हे त्यांचे मूळ गाव. सरकारने त्यांना ‘रावबहादूर’ ही पदवी दिली. परंतु कामगारांच्या मनात ते राहिले ते १० जून १८९० रोजी मान्य झालेल्या रविवारच्या सुटीमुळे. कामगाराची खरी गरज ओळखणे हाच त्याचा पहिला सन्मान, हे यावरून उमगते.

चुकीचा पुरस्कार मात्र अपाय करतो. ‘एकही अपघात झाला नाही’ म्हणून साऱ्या विभागाला बक्षीस ठेवले, तर बोट चेपलेला कामगार सहकाऱ्यांचे बक्षीस जाऊ नये म्हणून दुखणे लपवील. त्याऐवजी, धोका वेळीच दाखवून देणाऱ्याला गौरवावे. पाळीपाळीने सर्वांना बक्षीस दिले, तर ते रेशनसारखे होते. आणि एकाच यंत्रावर शेजारी शेजारी राबणाऱ्या दोघांपैकी कंत्राटी कामगाराचे नाव यादीत येऊच शकत नसेल, तर तो समारंभ त्याला त्याचे परकेपण दाखविणारा ठरतो. कंत्राटावर राबणाऱ्यांची संख्या पाहता ही गोष्ट क्षुल्लक मानता येणार नाही.

मग निवड कशी करावी? बरोबर काम करणाऱ्यांना विचारावे. प्रशस्तिपत्रात ‘उत्कृष्ट सेवेबद्दल’ असे मोघम न लिहिता नेमके काम लिहावे, तेही कामगाराला आणि त्याच्या घरच्यांना वाचता येईल अशा भाषेत. गौरव कामानंतर लवकर व्हावा. वस्तू देताना माणूस पाहावा : रोज दूरवरून येणाऱ्याला सोयीची पाळी, शिकू इच्छिणाऱ्याला प्रशिक्षण, मुलीच्या शिक्षणाची काळजी असणाऱ्याला त्यासाठी मदत, हे घड्याळापेक्षा मोलाचे ठरेल.

आपल्यापैकी काही जण उद्या या वसाहतीत नोकरीला लागतील, काही जण अधिकारी होऊन अशा याद्याही तयार करतील. त्या वेळी बाजारातील वस्तूंची किंमत विचारण्याआधी, या माणसाने नेमके काय केले, हा प्रश्न त्यांनी विचारावा. त्याचे उत्तर ज्याला देता येईल, त्याने दिलेला साधा नारळही मानाचा ठरेल.